सेलूकरांच्या नावानं छापलेला लेख

उस्मानपुऱ्यात, एकनाथ रंगमंदिराच्या मागच्या बाजूला, हेमचंद्र सेलूकरांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. टेबलावर पोट उघडून ठेवलेली दोन-तीन यंत्रं, खिळ्यांना टांगलेल्या वायरी आणि खुर्चीत स्वतः सेलूकर, चष्मा कपाळावर चढवून, ओठांत स्क्रू धरून बोलणारे. मूळचे सेलूचे. आजोबा भिक्षुकी करत, वडील तहसिलात कारकून. हेमचंद्र तरुणपणी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टीव्हीचे भाग जोडायला म्हणून औरंगाबादला आले. तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणत. पुढं कारखाना बंद पडला, पण हे इथंच राहिले. जोडायला हात बसलेला होताच. टीव्हीच्या जागी कॉम्प्युटर आला एवढंच.

शहर त्यांना ओळखत होतं ते मात्र दुकानामुळे नाही. ‘वेशीवरून’ नावाचं एक सायंदैनिक होतं. त्यात दर गुरुवारी सेलूकरांचं ‘संगणक-सोबती’ हे सदर येई. चौकटीत त्यांचा चौकड्याच्या शर्टातला फोटो, खाली वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. कॉम्प्युटर मधेच बंद का पडतो, मुलीला दहावीनंतर कोणता कोर्स लावावा, मराठी अक्षरांच्या जागी चौकोन का दिसतात. उत्तराची सुरुवात ठरलेली: ‘वाचकहो, घाई करू नका.’ लोकांना ते इतकं पाठ झालं होतं की भाजी घ्यायला गेले तरी कोणीतरी हसून म्हणे, “काय सेलूकर, घाई करू नका!” सेलूकर वरवर संकोचत. मनातून त्यांना ते फार आवडत असे.

लेख ते हातानं लिहीत. कॉम्प्युटरवाल्या माणसानं कागदावर लिहावं याचं लोकांना हसू येई, पण त्यांचं म्हणणं असं की विचार पेनातूनच उतरतो. तो कागद मग मुलगा मिहिर टाइप करी आणि ‘वेशीवरून’ला पाठवी. मिहिर शाळेत असल्यापासून हे काम त्याच्याकडे होतं. आधी सेलूकर तो लेख बायकोला, प्रमोदिनीबाईंना, वाचून दाखवत. त्या भाजी निवडत ऐकत आणि शेवटी “बरं आहे” म्हणत.

गंगापूरच्या वच्छलाबाई याच सदरामुळे त्यांच्या ओळखीच्या झाल्या. शेतकऱ्याघरची बाई, पन्नाशीकडे झुकलेली, पण नवं शिकायची हौस. गावात टायपिंग आणि ऑनलाइन कामांचं दुकान टाकायचं होतं, तर कोणतं यंत्र घेऊ, असं त्यांनी पोस्टकार्डावर विचारलं होतं. सेलूकरांनी सदरात उत्तर दिलं. मग त्या स्वतःच जीपमध्ये बसून उस्मानपुऱ्यात आल्या आणि सेलूकरांनी जोडलेले दोन कॉम्प्युटर घेऊन गेल्या. तहसिलाजवळ त्यांचं दुकान चांगलं चाललं. दुष्काळ लागल्यावर, उसाला पाणी उरलं नाही तेव्हा, तेवढ्या दुकानावर घर तगून होतं.

२०१४ सालची गोष्ट. दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळातून माणसं जेमतेम उठली होती आणि त्या वर्षीही पावसानं तोंड दाखवलं न दाखवलं. जायकवाडीत पाणी खाली गेलेलं, शहरात तिसऱ्या-चौथ्या दिवशी नळ. आणि त्याच वर्षी बीड बायपासला इमारतींवर इमारती चढत होत्या, जालना रोडला काचेची शोरूम उघडत होती. त्यातलं सगळ्यात मोठं मोबाईल आणि टॅबचं होतं. दुष्काळ शहराच्या बाहेर होता आणि शहर त्याच्यापासून पळाल्यासारखं वाढत होतं.

दसऱ्याच्या आधी ‘वेशीवरून’चे संपादक हिमांशू दुकानात आले. वडिलांनी सुरू केलेला पेपर आता त्यांच्या हाती होता. सेलूकरांना ते काका म्हणत.

“काका, दिवाळीला मोबाईलची पुरवणी काढतोय. शोरूमवाले पूर्ण पानं घेतायत. तुमचा मुख्य लेख पाहिजे. विषय एकच, घरचा कॉम्प्युटर आता संपला. फोन आणि टॅब आले, आता डबा कशाला?”

“संपला असं कसं म्हणू?” सेलूकर म्हणाले. “ज्याला बघायचंय, ऐकायचंय, बोलायचंय, त्याला फोन पुरतो. मी स्वतः सांगतो लोकांना, उगाच कॉम्प्युटर घेऊ नका म्हणून. पण ज्याला काम करायचंय, लिहायचंय, छापायचंय, त्याचं फोनवर भागत नाही. अजून तरी नाही. असं लिहू?”

“असं लिहिलं तर पुरवणीला जाहिराती कोण देईल काका?”

“मग माझ्याकडून नको.”

हिमांशू हसून “बघा विचार करून” म्हणाले आणि गेले. सेलूकरांच्या दृष्टीनं विषय तिथं मिटला.

त्यानंतर पंधरवड्याच्या आतच सेलूहून फोन आला. त्यांची थोरली बहीण गेली होती. आई लवकर गेल्यामुळे बहिणीनंच त्यांना वाढवलं होतं. सेलूकर निघाले ते तेराव्यापर्यंत तिकडेच राहिले. परत आले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. पेपर चाळायची इच्छा नव्हती. गल्लीत कोणी कोणी “लेख छान होता हं” म्हणालं. आधीच लिहून ठेवलेली दोन सदरं मिहिरकडे होती, त्यातलंच एखादं असेल, असं त्यांना वाटलं.

एक चांगली गोष्ट मात्र झाली होती. डिप्लोमा करून वर्षभर घरी बसलेला मिहिर जालना रोडच्या त्या शोरूममध्ये लागला होता. बहिणीचं दुःख थोडं ओसरल्यावर सेलूकरांनी गल्लीत पेढे वाटले.

उन्हाळा लागता लागता, एका दुपारी, वच्छलाबाई दुकानात आल्या. नेहमी येताना पिशवीत शेंगा नाहीतर हुरडा असे. या वेळी हात मोकळे होते. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

“सर, तुमी असं का केलं?”

सेलूकरांना काही कळलं नाही. “काय झालं बाई?”

“काय झालं इचारता? तुमचं ऐकून दोन्ही कॉम्प्युटर मोडीत घातले म्या. भंगारवाला हसत हसत घिऊन गेला. टॅब घेतले दोन. आता दुष्काळाच्या अनुदानाचे अर्ज आले, इम्याचे आले, तहसिलाम्होरं माणूस मावत नाय. अन् म्या काचंवर बोट घासत बसलेय. सरकारी साईट उघडत नाय, उघडली तर बटन दिसत नाय. प्रिंटर त्याला लागत नाय. मराठी लिवायचं म्हणलं तर कानामात्रा कुठल्या कुठं. समोर एका पोरानं दुकान टाकलं, समदी गिऱ्हाइकं तिकडं.”

“पण टॅब घ्या असं मी कधी सांगितलं?”

वच्छलाबाईंनी कमरेच्या पिशवीतून पेपरचं कात्रण काढून टेबलावर ठेवलं. दिवाळी पुरवणीचं पहिलं पान. वर ठळक मथळा: ‘निरोप घरच्या संगणकाला’. बाजूला चौकड्याच्या शर्टातला फोटो. खाली नाव, हेमचंद्र सेलूकर. आणि पहिलं वाक्य: ‘वाचकहो, आता मात्र थांबू नका.’

“दर बारीला तुमी म्हणता, घाई करू नगा,” वच्छलाबाई म्हणाल्या. “या बारीला म्हणलात थांबू नगा. म्हणलं, हा माणूस उगं बोलायचा नाय. म्या थांबले नाय.”

सेलूकर वाचत गेले. लेख वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. वाक्यांची चाल त्यांची होती. मधेच केलेली चेष्टा त्यांची होती. विजेच्या लपंडावात कॉम्प्युटरसमोर उदबत्ती लावून बसणाऱ्या माणसाचा दाखला ते स्वतः पूर्वी देत असत, तोसुद्धा होता. एक-दोन ठिकाणी त्यांना क्षणभर वाटलं, आपणच लिहून विसरलो की काय. पण छापण्याचं, टायपिंगचं कामही टॅबवर ‘आरामात’ होतं, असं त्यात लिहिलं होतं. ते त्यांनी कधीच लिहिलं नसतं.

“बाई, हा मी लिहिलेला नाही.”

वच्छलाबाईंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. “नाव तुमचं, फोटू तुमचा. अन् लिवला कुणी, भुतानं?”

“शपथ घेतो.”

“शपथा नगं सर. गावात माणूस बुडवतो ना, तो बी शपथच घेतो.” कात्रण तिथंच टाकून त्या निघून गेल्या.

सेलूकर चपला घालून तसेच ‘वेशीवरून’च्या कचेरीत गेले. हिमांशू फोनवर बोलत होते. कात्रण समोर ठेवल्यावर त्यांनी फोन ठेवला.

“हा लेख कोणी लिहिला?”

“म्हणजे? तुम्हीच पाठवलात ना काका?”

“मी तुम्हाला नाही म्हणालो होतो. माझ्या दुकानात बसून तुम्ही ते ऐकलंत.”

हिमांशू जरा चुळबुळले. “हां, म्हणाला होतात. पण नंतर मिहिर लेख घेऊन आला. म्हणाला, बाबा तयार झाले. आता तुमचे सगळे लेख तोच आणतो, मी कसा संशय घेणार?”

“एक फोन नाही करता आला?”

“फोन केला असता तर तुम्ही नाहीच म्हणाला असतात.”

हे वाक्य तोंडातून गेल्यावर हिमांशूंना कळलं, आपण काय बोललो. पण ते परत घेता येण्यासारखं नव्हतं. मग ते पेपरच्या अडचणी सांगू लागले. कागद महागलाय, दुष्काळात बाजार बसलाय, जाहिराती नाहीत, त्या पुरवणीवर दोन महिने पगार निघाले. सेलूकरांनी खुलासा छापायला सांगितला. हिमांशू म्हणाले, शोरूमवाल्यांचं वर्षाचं बोलणं झालंय, तसं छापता येणार नाही. पुढच्या गुरुवारी सदरातच तुम्ही हळूच काही सुचवा. सेलूकर म्हणाले, पुढचा गुरुवार नाही. सदर बंद.

पण त्या वेळी त्यांच्या डोक्यात हिमांशू नव्हतेच. घरी परत येताना त्यांचा रस्ता चुकला. ज्या उस्मानपुऱ्यात पंचवीस वर्षं काढली, तिथं ते दुसऱ्याच गल्लीत शिरले आणि एका अनोळखी फाटकाशी येऊन थांबले.

त्या दिवशी नळाला पाणी होतं. प्रमोदिनीबाई मागच्या अंगणात पत्र्याची टिपं भरत होत्या. एकातून दुसऱ्यात नळी बदलत त्यांनी मान वर न करताच विचारलं, “कुठं होतात? बाई काय म्हणत होत्या?”

“दिवाळीतला तो लेख मिहिरनं लिहिला होता.”

प्रमोदिनीबाई वळल्या. नळी घट्ट धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या त्या उभं राहण्यावरूनच सेलूकरांना कळलं.

“तुला माहीत होतं?”

“छापून आल्यावर कळलं.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही सेलूहून आलात तेव्हा तुमचं तोंड बघवत नव्हतं. म्हटलं, नंतर सांगू. मग त्याला नोकरी लागली. तुम्ही पेढे आणलेत. त्यात कुठं सांगू?” टिप भरून पाणी वाहायला लागलं होतं, त्यांनी नळी उचलली. “नोकरी त्या लेखामुळेच लागली त्याची. शोरूमवाल्यांनी सांगितलं होतं, वडिलांचा लेख मिळवून दे. वर्षभर पोरगं भिंतीकडं तोंड करून पडलेलं होतं, ते तुम्ही बघत नव्हतात. मी बघत होते.”

सेलूकर पायरीवर बसले.

“आणि खरं सांगू?” प्रमोदिनीबाई हळू आवाजात म्हणाल्या. “लेख चांगला होता.”

इतक्या वर्षांत त्यांच्या कुठल्या लेखाला बायकोनं चांगला म्हटल्याचं त्यांना आठवेना.

मिहिर संध्याकाळी शोरूमचा टी-शर्ट घालून आला तेव्हा सेलूकर दुकानात दिवा न लावता बसले होते. त्यांनी कात्रण त्याच्यापुढं सरकवलं. मिहिरनं ते हातात घेतलं नाही, नुसतं पाहिलं.

“सांगणारच होतो,” तो म्हणाला.

“कधी?”

“तुम्ही विचाराल तेव्हा.”

“हे उत्तर झालं?”

मिहिर समोरच्या स्टुलावर बसला. तो आरडाओरडा करणारा मुलगा नव्हता. “बाबा, त्यात चूक काय आहे ते सांगा. शेवटचा नवा कॉम्प्युटर तुम्ही कधी जोडलात? गल्लीत कोणाकडे आता येतोय? लोक फोटो फोनवर बघतात, बातम्या फोनवर वाचतात, रेल्वेचं तिकीट फोनवर काढतात. तुमच्याकडे येतात ते जुने डबे साफ करून घ्यायला. मी लिहिलं ते सगळ्यांना दिसत होतं. तुम्हाला दिसत नव्हतं.”

“मला दिसत होतं. किती दिसतं आणि किती नाही, तेवढंच मला सांगायचं होतं. चूक असतं तरी एक वेळ चाललं असतं मिहिर. ते माझं नव्हतं.”

“तुमचं म्हणजे काय?” आता मिहिरचा आवाज चढला. “सातवीत असल्यापासून मी टाइप करतोय. नुसतं टाइप? तुमची वाक्यं लांबच लांब असायची. ती तोडली कोणी? तो उदबत्तीवाला माणूस कोणी आणला? ‘वाचकहो, घाई करू नका’ कोणाचं आहे? तुम्ही लिहायचात, ‘वाचकांनी घाई करू नये.’ मी आठवीत असताना बदललं ते. लोक रस्त्यात तुम्हाला तेच म्हणून हाका मारायचे आणि मी शेजारी पिशवी धरून उभा असायचो. तुम्ही कधी छापलेला लेख आणि तुमचा कागद शेजारी ठेवून बघितलात का?”

सेलूकरांनी कधीच बघितलं नव्हतं. छापून आलेलं आपलंच असतं, असं धरून ते वाचत आले होते.

कात्रणाची घडी घालत ते म्हणाले, “मला सांगितलं असतंस तर तुझं नाव शेजारी घातलं असतं.”

“घातलं असतंत?”

सेलूकर हो म्हणायला गेले, पण ते लगेच तोंडातून निघालं नाही. मिहिर तेवढ्यावरच उठला.

“गंगापूरच्या त्या बाईंनी दोन्ही कॉम्प्युटर मोडीत घातले,” सेलूकर त्याच्या पाठीकडं बघत म्हणाले. “टॅबवर छापण्याचं काम होतं असं लिहिलंस तू. होतं का?”

मिहिर दारात थांबला. “शोरूमवाल्यांनी ते वाक्य टाकायला सांगितलं होतं.” एवढंच म्हणून तो आत गेला.

पुढच्या रविवारी सेलूकरांनी दुकानातले उरलेले चांगले भाग काढले आणि एक यंत्र जोडलं. त्यात नवं असं थोडंच होतं, पण चालणारं होतं. ते गोणपाटात गुंडाळून, मांडीवर घेऊन, ते वाळूजवरून जाणाऱ्या जीपमध्ये बसले. लिंबेजळगावपासून पुढं दोन्ही बाजूंना उसाची वाळलेली खोडकं होती. जीपमधली माणसं मांडीवरच्या गाठोड्याकडं बघत होती. एकानं विचारलं, “टीव्ही हाय का?”

वच्छलाबाईंचं दुकान उघडं होतं पण आत कोणी नव्हतं. टेबलावर दोन्ही टॅब पालथे पडलेले. सेलूकरांनी गोणपाट सोडलं तशा त्या उठल्या.

“हे काय? म्या मागितलं नाय.”

“मला माहीत आहे. जोडून देतो. तुम्हाला पटेल तेव्हा, पटेल तेवढं द्या. नाही दिलंत तरी चालेल.”

“फुकट नगं. फुकटाचं अंगावर येतं.” पण त्यांनी अडवलं नाही. सेलूकर टेबलाखाली शिरून वायरी लावू लागले. त्या शेजारी उभ्या राहून पाहत होत्या. प्रिंटर सुरू झाला, कोरा कागद आत ओढला जाऊन अक्षरांसकट बाहेर आला, तेव्हा त्यांच्या तोंडावर थोडी कळा आली. त्यांनी माठातलं पाणी तांब्यात आणून दिलं. त्या दिवसांत गंगापुरात कोणी तांब्याभर पाणी पुढं करणं म्हणजे काय, ते सेलूकरांना कळत होतं.

“मंग तुमी लिवला नाय म्हणता,” त्या म्हणाल्या, “तर कुणी लिवला?”

सेलूकरांनी हे अजून बाहेर कोणालाच सांगितलं नव्हतं. “माझ्या मुलानं,” ते म्हणाले.

वच्छलाबाईंनी तांब्या परत घेतला. आता त्या कळवळतील, निदान अरेरे म्हणतील, असं सेलूकरांना वाटलं. 

“म्हंजी घरातलंच झालं की,” वच्छलाबाई म्हणाल्या. “मला त्यात काय फरक हाय सर? तुमच्या दारातनं आलं, मपल्या दुकानात घुसलं. पोरानं केलं का बापानं केलं, ते तुमचं तुमी बघा.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. जे होतं ते सरळ सांगितलं होतं. सेलूकर परतीच्या जीपमध्ये बसले, रिकामं गोणपाट मांडीवर घेऊन.

मिहिरनं पावसाळ्याआधी चिकलठाण्याच्या बाजूला, विमानतळाच्या अलीकडे, भाड्यानं फ्लॅट घेतला. नोकरीला जवळ पडतं असं कारण सांगितलं. भांडण असं पुन्हा झालं नाही. सामान न्यायला टेम्पो आला तेव्हा सेलूकरांनी स्वतः त्याचा कॉम्प्युटर जुन्या चादरीत बांधून दिला. मिहिर म्हणाला, “हा राहू द्या, मला लागत नाही.” मग चादर सोडून तो पुन्हा खोलीत नेऊन ठेवला.

जूनमध्ये ‘वेशीवरून’मध्ये गुरुवारचं सदर परत सुरू झालं. नाव आता ‘मोबाईल-सोबती’ होतं. चौकटीत मिहिरचा फोटो होता आणि पहिल्याच सदरात लिहिलं होतं की हा वसा वडिलांकडून मिळाला. गल्लीतले लोक सेलूकरांना थांबवून म्हणत, “पोरगं तुमच्या वळणावर गेलं हो!” पहिल्या एक-दोन वेळा सेलूकरांनी सांगायचा प्रयत्न केला, पण ती गोष्ट रस्त्यात उभं राहून सांगता येत नव्हती, आणि ऐकणाऱ्याला ती बापाची जळजळ वाटे. मग ते नुसती मान हलवू लागले. सगळ्यात अवघड गेलं ते हे की कोणी आभार मानत. एक निवृत्त मास्तर क्रांती चौकात भेटले आणि म्हणाले, “तुमचा तो दिवाळीतला लेख वाचून टॅब घेतला. नातवंडं पुण्याला असतात, रोज दिसतात. फार चांगलं सांगितलंत.” त्यांच्यापुरतं ते खरंच होतं. सेलूकर “बरं झालं” म्हणाले आणि रिक्षासुद्धा न करता घरी चालत आले.

प्रमोदिनीबाई दर रविवारी मिहिरकडं जात. एरवी संध्याकाळी फोनवर त्याचा चेहरा समोर धरून बोलत. सेलूकर त्या वेळी पुढच्या खोलीत काहीतरी उघडून बसत. नवरा-बायकोत बोलणं चाले. दूध आलं, पाणी कधी येणार, सेलूच्या घराचं पत्र आलं. सेलूकर आता लिहीत नव्हतेच, त्यामुळे वाचून दाखवायचा प्रश्न उरला नव्हता. एकदा प्रमोदिनीबाई म्हणाल्या, “किती दिवस धरून ठेवणार आहात?” सेलूकर म्हणाले, “तुम्ही दोघांनी मिळून मला दिवाळीपासून होळीपर्यंत माझ्याच घरात पाहुणा ठेवलंत. ते सुटत नाही गं.” त्यांनी हे रागानं म्हटलं नाही. बाई उठून आत गेल्या.

धंद्याचं म्हणाल तर मिहिर पुष्कळसा बरोबर निघाला. घरोघरचे कॉम्प्युटर गेले. पण टायपिंगचे क्लास, छापखाने, वकिलांची कार्यालयं, गंगापूर-वैजापूरची ऑनलाइनची दुकानं, यांना ते सोडता आले नाहीत. तेवढ्यावर सेलूकरांचं चालत राहिलं. २०१६ ला पाऊस चांगला झाला. वच्छलाबाईंनी त्या यंत्राचे, त्यांना पटले तेवढे पैसे हळूहळू पोचते केले.

२०१७ मध्ये एकदा त्यांचा फोन आला.

“सर, मोबाईल पायजे चांगला. दुकानातलं काम कॉम्प्युटरवरच होतंय, पर गिऱ्हाइकं आता कागदाचे फोटू मोबाईलवर धाडत्यात. चार वळी मराठी लिवून माघारी धाडता आल्या पायजेत. कोणता घिऊ?”

“बघून सांगतो बाई.”

“पर तुमीच बघा बरं का. पोराला इचारू नगा.”

सेलूकरांनी औरंगपुऱ्यातली दुकानं पालथी घातली, फोन हातात घेऊन घेऊन पाहिले. जो पटला तो सगळीकडे संपला होता. जालना रोडच्या शोरूमला मिळेल, असं एकानं सांगितलं. दोन दिवस त्यांनी काढले आणि मग गेले.

काउंटरमागं मिहिर होता. आता तो तिथला मॅनेजर झाला होता, केस थोडे विरळ झाले होते. बापाला बघून तो बाहेर आला, मग काय करावं न कळून परत आत गेला.

“तुमच्यासाठी?” त्यानं विचारलं.

“गंगापूरच्या वच्छलाबाईंसाठी.”

मिहिरनं मान खाली घातली. आतून डबा आणला, सील फोडलं, फोन पुसून काउंटरवर ठेवला. बोटं सराईत होती. सेलूकरांनी ती लहानपणी की-बोर्डवर बसवली होती.

“मराठी टायपिंग नीट होतं का यावर? जोडाक्षरं?”

“होतं बाबा,” मिहिर म्हणाला. “खरंच होतं.”

सेलूकरांनी फोन हातात घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि उभ्या उभ्या एका बोटानं टाइप करायला सुरुवात केली. मागं गिऱ्हाइकं खोळंबली होती. मिहिरनं त्यांना हातानंच थांबायला सांगितलं. ओळ पूर्ण झाली. सगळी अक्षरं जागच्या जागी आली होती. सेलूकरांनी ती पुसली आणि आणखी एक ओळ टाइप करून पाहिली.